शरण कोण जातं, आणि पाळी कधी बदलते?

(सफाळे इथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण. थोडं संपादित करून देत आहोत.)

सकाळच्या सत्रात आपण पोटगी, घर नावावर करणं, पोलीस ठाण्यात तक्रार कशी लिहायची, यावर बोललो. हे विषय आपल्या हाताखालचे आहेत. जेवणानंतरचा विषय मात्र मुद्दाम मागून घेतलेला आहे. फळ्यावर काय लिहायचं असं संयोजक मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, 'अंथरुणातली सत्ता' लिहा. त्या जरा थांबल्या, पण लिहिलं.

हा विषय मी शोधत गेले नाही, तो केंद्रावर चालत आला. मी सांगते त्या गोष्टींतली नावं काढून टाकली आहेत, तपशील बदलले आहेत, आणि एकेका गोष्टीत दोघी-तिघींचं बोलणं मिसळलेलं आहे. कोणी ओळखायचा प्रयत्न करू नये.

एक बाई येते आणि म्हणते, "ताई, तो मोबाइलवर काहीबाही बघतो आणि रात्री तसंच करायला लावतो. हात बांधतो. मारतोसुद्धा. मी रडले तर म्हणतो, अगं हा खेळ आहे, मोठमोठे लोक करतात. ताई, असा खेळ असतो का?"

दुसरी बाई सगळ्या गेल्यावर शेवटी थांबते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणते, "आमचं तसं बरं आहे. आमच्यात एक दिवस मी सांगेन ते तो ऐकतो, एक दिवस तो सांगेल ते मी ऐकते. आधी बोलून ठरवतो. कधी बांधणं असतं, कधी नुसतं पायाशी बसणं. भजनात टाळ धरल्यावर डोकं कसं शांत होतं, तसं मला होतं. हे पाप आहे का? आणि असं करणाऱ्या बाईनं तुमच्या मंडळात यावं का?"

दोघींच्या तोंडचे शब्द जवळजवळ सारखेच आहेत. बांधणं, हुकूम, ऐकणं. आपण कान नीट उघडे ठेवले नाहीत तर दोन्हीकडे घोटाळा होईल. पहिलीला आपण म्हणू, 'तुमचं खासगी आहे, आपसांत मिटवा.' दुसरीला म्हणू, 'बाई, तू अत्याचार सहन करते आहेस आणि तुला कळत नाही.' दोन्ही उत्तरं चुकीची आणि दोन्ही घातक. या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. इंग्रजीत या सगळ्याला 'किंक' म्हणतात, 'बीडीएसएम' असंही म्हणतात. दोन प्रौढ माणसं आपखुशीनं ठरवतात की काही वेळापुरतं एकानं सत्ता घ्यायची आणि दुसऱ्यानं ती द्यायची. काय चालेल, काय चालणार नाही, हे आधी बोललं जातं. मध्येच थांबायचं असेल तर एक शब्द ठरलेला असतो. तो उच्चारला की सगळं तिथंच थांबतं. नंतर एकमेकांची विचारपूस, पाणी, पांघरूण, जवळ बसणं हाही त्याचाच भाग मानतात. काही जण कायम एकच बाजू घेतात, काही जण दोन्ही बाजू आळीपाळीनं घेतात. आता पाळी म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू आलं ते मला दिसलं. हसा. पण हा शब्द लक्षात ठेवा, आजच्या बोलण्याचा खुंटा तोच आहे.

यावरून बायकांच्या चळवळीत पूर्वीच मोठं भांडण होऊन गेलेलं आहे. १९७८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत 'सामवा' नावाचा स्त्रीवादी समलिंगी स्त्रियांचा गट निघाला. आम्ही हे करतो आणि आम्ही स्त्रीवादीही आहोत, असं त्या उघड म्हणाल्या. दुसऱ्या स्त्रीवादी बायका संतापल्या. पुरुषांनी आपल्यावर जे लादलं तेच तुम्ही खेळ म्हणून करता, असा त्यांचा सवाल होता. १९८२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात लैंगिकतेवर परिषद झाली, तेव्हा आत बायका बोलत होत्या आणि बाहेर बायकाच निदर्शनं करत होत्या. दोन्ही बाजूंना आपल्यासारख्याच कार्यकर्त्या होत्या. भारतात २०११ पासून 'किंकी कलेक्टिव्ह' नावाचा गट या विषयावर बोलतो आहे, आणि त्यांच्याही बोलण्याचा भर संमतीवरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. प्रौढांनी राजीखुशीनं केलेलं असं वागणं त्या यादीत आजार म्हणून धरलेलं नाही. ज्याची संमती नाही त्याच्यावर क्रौर्य लादण्याची ओढ मात्र यादीत आहे. म्हणजे डॉक्टरांनीही रेघ तिथंच ओढली.

मग दुसरी बाई जे म्हणाली, भजनासारखं वाटतं, त्याचं काय? तेही ती एकटीच म्हणत नाही. डॉसी ईस्टन आणि जॅनेट हार्डी या दोघी अमेरिकन लेखिकांनी १९९४ आणि १९९५ साली पाठोपाठ दोन पुस्तकं काढली. एक सत्ता देणाऱ्यासाठी आणि एक घेणाऱ्यासाठी. त्याच दोघींनी दोन्ही बाजूंची पुस्तकं लिहिली, हे ध्यानात घ्या. पुढे २००४ साली याच मार्गानं 'मी'पणाच्या पलीकडे जाण्याचा अनुभव कसा येतो, यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: जो शरण जातो त्याचा अहंकार घटकाभर खाली ठेवला जातो. जो सत्ता घेतो त्याला समोरच्या माणसाचा श्वास न् श्वास बघावा लागतो, आणि तीही साधनाच.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, ही परदेशी थेरं इथे कशाला? मी म्हणते, नाव परदेशी आहे, पण पाळी बदलण्याची गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

लहानपणी आपण लपंडाव खेळलो. ज्याच्यावर राज्य, त्यानं सगळ्यांना शोधायचं. एकाच पोरावर रोज राज्य आलं तर ते पोर रडत घरी जायचं आणि त्याची आई भांडायला यायची. आणि खेळात कोणी पडलं, गुडघा फुटला, तर ते ओरडायचं, 'टाइम प्लीज!' ते म्हटलं की जो पकडायला धावत असायचा तोही जागच्या जागी थांबायचा. 'टाइम प्लीज' म्हटल्यावरही जो पकडायचा, त्याला पुढच्या वेळी खेळायला घेत नसत. सहा वर्षांच्या पोराला जे कळतं, ते चाळीस वर्षांच्या नवऱ्याला कळायला काय हरकत आहे?

आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून रात्री सोंगं नाचतात. देवीचा मुखवटा असेल तोवर लोक तिला हात जोडतात. मुखवटा उतरला की तो माणूस आपला शेजारी. त्यानं दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन 'मी देव आहे, उधारी मागू नकोस' म्हटलं तर चालेल का? सोंग घेता आलं पाहिजे तसं उतरवताही आलं पाहिजे. वारली लग्नात धवलेरी लग्न लावते. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही, मांडवातले सगळे पुरुष तिचं ऐकतात. तीही लग्न उरकलं की आपल्या कामाला लागते. मंगळागौरीत सुना सासूचं सोंग घेतात आणि सासवा ते बघून हसतात.

आणि पंढरीच्या वाटेवर काय होतं? दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. ऐंशी वर्षांचे बुवा वीस वर्षांच्या पोरापुढे वाकतात, पोरगं त्यांच्यापुढे वाकतं, दोघंही एकमेकांना माऊली म्हणतात. मला तर वाटतं शरण जाण्याची इतकी स्वच्छ रीत दुसरीकडे क्वचित असेल. वाकणारा लहान होत नाही, कारण पुढच्याच क्षणी समोरचा त्याच्यापुढे वाकणार असतो.

जनाबाई तर आपल्या सगळ्यांची. गंगाखेडची, नामदेवांच्या घरी राबणारी. स्वतःला ती दासी म्हणवते. पण तिच्या अभंगांतला विठोबा काय करतो? तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. ती त्याच्यावर रागावते, त्याला शिव्याही देते. देव मालक आणि ती दासी, हे नातं दिवसातून दहा वेळा उलटंसुलटं होतं. त्याच्याही आधी बाराव्या शतकात जयदेवानं गीतगोविंदात कृष्णाला राधेच्या पायाशी आणलं. तिचं पाऊल आपल्या मस्तकावर ठेवायला कृष्णच तिला विनवतो. देवाच्या तोंडी हे घालायला कवीचा हात अडखळला, अशी आख्यायिका आहे.

आता कोणी म्हणेल, ताईंनी जनाबाईला कुठे नेऊन बसवलं! तसं नाही. जनाबाईचं आणि शेवटी थांबलेल्या त्या बाईचं एकच आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की शरण जाण्यातून मन हलकं होतं, हा अनुभव आपल्या परंपरेला नवा नाही. आणि जिथे जिथे तो अनुभव सुंदर झाला, तिथे तिथे पाळी बदलण्याची वाट खुली होती.

पण मैत्रिणींनो, ही झाली अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी आपल्याला जास्त ओळखीची आहे.

पतिव्रता हेही शरण जाणंच आहे, आणि त्यालाही अध्यात्मच म्हटलं गेलं. नवरा देव, त्याचे पाय हेच तीर्थ. इथे पाळी कधी बदलते? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून हाच जाब विचारला. सगळा पतिव्रताधर्म बायकांनीच का पाळायचा, आणि नवऱ्याला देव म्हणवून घ्यायचं असेल तर त्यानं देवासारखं वागायला नको का? देवदासी, मुरळी, जोगतीण यांच्या बाबतीतही शब्द अर्पण हाच होता. पण अर्पण कोणी केलं आणि कोणाला केलं? पोरीला कळायच्या आधी तिला देवाला सोडलेलं असायचं. 'नको' म्हणायचं वयही नसायचं. १९३४ साली मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध कायदा झाला आणि महाराष्ट्राला २००५ चा नवा कायदा करावा लागला, यावरून ही प्रथा किती चिवट ते बघा. आणि ज्या वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच पंढरपुरात चोखोबाला देवळाबाहेर उभं राहावं लागलं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हायला साने गुरुजींचं १९४७ चं उपोषण लागलं.

अंगात येणं घ्या. वर्षभर जिला घरात कोणी विचारत नाही अशी सून नवरात्रात घुमायला लागते. सासू तिच्या पाया पडते. नवरा हात जोडून विचारतो, 'आई, आमचं काय चुकलं?' ती डोळे वटारून बोलते आणि सगळे ऐकतात. पाळी बदलली, खरंच बदलली. पण तासाभरानं वारं उतरतं आणि ती उष्टी भांडी घेऊन मोरीवर बसते. एक तास देवी आणि वर्षभर मोलकरीण. असल्या बदलानं घरातली सत्ता हलत नाही, उलट वाफ निघून गेल्यामुळे ती आणखी घट्ट बसते, अशी शंका घ्यायला जागा आहे.

शेवटी थांबलेल्या त्या बाईला मी हेच विचारलं. ती पुढच्या वेळीही आली होती. ती म्हणाली, "पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मला हुकूमच देता येईना. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्याला काही सांगायचं म्हटलं की तोंडातून 'जमेल का?' असंच निघायचं. शेवटी म्हटलं, 'पाणी आण.' तो उठून घेऊन आला आणि मला हसूच आवरेना." मग जरा थांबून म्हणाली, "पण समोरचं माणूस असं आपल्या हाती येतं तेव्हा भीती वाटते हो. त्याला लागेल का, राग येईल का, सगळं आपणच बघायचं. तो माझ्यावर हुकूम करायचा तेव्हा त्याला कधी अशी भीती वाटली असेल का, हे माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं. मी त्याला विचारलंसुद्धा." मी म्हटलं, "मग आता दिवसा काय फरक पडला?" तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "दिवसा? दिवसा पाणी मीच भरते."

या एका वाक्यात आपल्या कामाचा सगळा मुद्दा आहे. रात्री पाळी बदलली म्हणून दिवस आपोआप बदलत नाही. तो वेगळा मागावा लागतो. पण रात्री 'पाणी आण' म्हणायला शिकलेली बाई दिवसा ते म्हणण्याच्या जवळ एक पाऊल आलेली असते, हेही मला नाकारता येत नाही.

आता चळवळीनंच आपल्याला दिलेल्या एका भेदाकडे येऊ. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा गाभा हाच होता की शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. घाबरून गप्प बसलेली मुलगी शरण गेलेली असते, तिनं संमती दिलेली नसते. त्या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीनं संमतीची व्याख्याच लिहिली: ती स्वेच्छेनं दिलेली आणि निःसंदिग्ध हवी, आणि बाईनं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ती व्याख्या आहे.

पण त्याच कलमात आपल्या उरावर बसलेला अपवादही तसाच आहे. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. २०२२ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं या अपवादावर एकमत झालं नाही आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणजे कायद्याच्या लेखी लग्नातल्या बाईची पाळी कायमची लागलेली, तिला 'टाइम प्लीज' नाही. म्हणून पहिल्या बाईला आपण सांगायचं की बाई, हा खेळ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. अपमान करणारं, प्रतिष्ठेला धक्का देणारं लैंगिक वर्तन त्यात येतं. शिवाय संहितेचं क्रूरतेचं कलम ८५ आहे. दाद मागायला वाट आहे.

समोर बसलेली बाई या दोघींपैकी कोणती, हे ओळखायला मी काही प्रश्न विचारते. ते तुम्हाला देते, लिहून घ्या.

पहिला प्रश्न: आधी बोलणं झालं होतं का? रात्री अंथरुणात नव्हे, दिवसाउजेडी, दोघं शुद्धीत असताना. दारू पोटात गेल्यावर झालेलं ठरवणं हे ठरवणं नव्हे.

दुसरा: मध्येच नको म्हटलं तर थांबतं का? आणि पुढे विचारा, 'शेवटचं तुम्ही कधी थांबवलं होतं? त्यानंतर काय झालं?' तो रुसला, दोन दिवस बोलला नाही, बाजाराचे पैसे दिले नाहीत, तर थांबायचा शब्द नावापुरताच आहे.

तिसरा: पाळी बदलता येते का? इथे नीट ऐका. पाळी बदललीच पाहिजे असं मी म्हणत नाही. कोणाला एकच बाजू आवडत असेल, बाईलाही, पुरुषालाही, तर ती त्यांची आवड. पण बदलायची म्हटली तर बदलता आली पाहिजे. 'उद्या मी सांगेन आणि तुम्ही ऐकायचं' एवढं वाक्य ती घरात उच्चारू शकते का? ते नुसतं मनात आणूनच ती दचकली, तर तिथे खेळ नाही, धाक आहे.

चौथा: सकाळी सोंग उतरतं का? रात्रीचा हुकूम दिवसाच्या कपड्यांवर, माहेरी जाण्यावर, मोबाइलवर, मंडळाच्या बैठकीला येण्यावर चालतो का?

पाचवा: तिला सोडून जायचं झालं तर जाता येईल का? पहाटेच्या गाडीनं भाजीची पाटी घेऊन मुंबईकडे जाणारी बाई संध्याकाळी पैसे कोणाच्या हातात देते? घर कोणाच्या नावावर आहे? जिला जायला जागा नाही, तिच्या 'हो'चं वजन आपण तपासूनच घ्यायचं.

एक गोष्ट मात्र प्रश्नाच्या पलीकडची आहे. गळा दाबणं. हे आजकाल मोबाइलवर बघून फार पसरलं आहे आणि पोरंपोरी त्याला गंमत समजतात. गळा दाबला की काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. बाहेर वळ न उमटताही आत इजा होऊ शकते आणि त्रास नंतर दिसू शकतो. त्याची सुरक्षित रीत नाही. आणि रागाच्या भरात जो नवरा एकदा गळा दाबतो, त्याच्याकडून बाईच्या जिवाला पुढे धोका बराच वाढलेला असतो. म्हणून प्रत्येक केंद्राच्या फॉर्मवर 'कधी गळा दाबला होता का?' हा वेगळा रकाना असू द्या. नुसतं 'मारहाण' लिहून भागत नाही.

कायद्याचंही एक लक्षात ठेवा. संहितेच्या कलम २५ प्रमाणे अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीनं किरकोळ इजा झाली तर तो गुन्हा धरत नाहीत. तिथलं उदाहरणच मुळी गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे. पण मरण किंवा गंभीर दुखापत होईल असं काही करायला संमतीचं पांघरूण चालत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत संमतीची भाषाच काढायची नाही.

आता एक आक्षेप, जो तुमच्यापैकी कोणीतरी घेणारच. बाईला लहानपणापासून वाकायलाच शिकवलं. मग 'मला वाकायला आवडतं' हे तिचं वाक्य तिचं कशावरून? प्रश्न खरा आहे. १९८२ साली बर्नार्डच्या बाहेर उभ्या राहिलेल्या बायकांचाही तो होता, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण हाच प्रश्न उपासालाही लागू आहे, मंगळसूत्रालाही आणि भजनालाही. आपण कोणाच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून काढतो का? आपण विचारतो, 'काढावंसं वाटलं तर काढता येईल ना?' तोच प्रश्न इथे विचारायचा. बाईच्या आवडीवर अविश्वास दाखवून तिला मुक्त करता येत नाही. आजवर नवऱ्यानं, सासूनं, बुवानं तिला सांगितलं की तुला काय आवडतं ते आम्ही ठरवणार. त्या रांगेत आपण चौथ्या नको.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही सांगायचं आहे. 'ही साधना आहे' म्हटलं की प्रश्न विचारायचे नाहीत, असं होत नाही. उलट जिथे अध्यात्माचं नाव येतं तिथे दोन प्रश्न जास्त विचारा. जो गुरू शिष्यिणीला शरण यायला सांगतो, तो कधी तिच्या पाया पडतो का? वारकऱ्याला ते जमतं, मग याला का जमू नये? आणि ही साधना लपूनछपून, 'कोणाला सांगू नकोस' म्हणून चालते का? खासगी असणं आणि गप्प बसवणं यातला फरक आपण केंद्रात बसणाऱ्या बायकांनी तरी ओळखायला हवा.

हे सगळं बोलायला आपल्याकडे जागा नाही, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्राला या बोलण्याची सवय अगदीच नाही असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं. बाईलाही कामेच्छा असते हे ते छापत राहिले, खटले झाले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. त्या मासिकाला लोक पत्र लिहून मनातली शंका विचारायचे. आज ती शंका मोबाइलला विचारली जाते आणि मोबाइल उत्तर म्हणून चित्र दाखवतो. त्या चित्रात आधीचं बोलणं नसतं, थांबायचा शब्द नसतो, नंतरचं पांघरूण नसतं. उरतो तो नुसता हुकूम. आपण बोललो नाही, तर आपल्या पोरी आणि पोरं तेवढंच शिकणार.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, केंद्रावर कोणी असलं काही सांगितलं तर तोंडाला पदर लावून हसायचं नाही आणि ते चहाच्या वेळी दुसरीला सांगायचं नाही. आपलं गाव लहान आहे. स्टेशनवर उतरल्यापासून घरापर्यंत चार ओळखीची माणसं भेटतात. दोन, बाईशी नेहमी एकटीशी बोला, नवऱ्यासमोर हे प्रश्न विचारू नका. तीन, महिन्यातून एका बैठकीत 'घरात कोणत्या कामाची पाळी कोणाची' हा विषय घ्या. पाणी, भांडी, पोराचा अभ्यास, पैशाचा हिशोब. अंथरुणाचा विषय थेट निघायला अवघड असतो, हंड्याचा सोपा असतो. एकदा हंड्याची पाळी लागली की दुसऱ्या पाळीचं बोलणं बायका आपणहून काढतात, असं मी बघितलं आहे.

त्या शेवटी थांबलेल्या बाईला मी सांगितलं की तिच्या दोन्ही प्रश्नांपैकी पाप-पुण्याचा माझ्या अखत्यारीत नाही. मंडळाचा मात्र आहे, आणि ये. ती येते. ती आज इथे आहे की नाही, ते मी सांगणार नाही.

मी बरंच बोलले. आता कागदाच्या चिठ्ठ्या फिरवते आहोत. ज्यांना उठून बोलायला संकोच वाटतो त्यांनी नाव न घालता लिहून द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीच्या कानात सांगा, शेजारीण लिहील आणि विसरून जाईल. चहा यायला अर्धा तास आहे, तोवर पाळी तुमची.